शेराच्या कुंपणावर तीन कोयते

कोयता कोणता घ्यावा, हे कंपनीत मला अजून विचारतात. कुणाच्या गावाकडच्या बांधावर काट्या माजलेल्या असतात, कुणाला सोसायटीमागची झुडपं काढायची असतात. मी सविस्तर उत्तर देतो, कारण त्यातलं मला खरोखर कळतं. ते कळण्यापायी घरात काय झालं, हे कॅन्टीनमध्ये सांगत नाही.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्याच्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हे वीस वर्षं चाललंय. राहायला मोशीत फ्लॅट आहे. आई गावातच राहते, कंपनीपासून अर्ध्या तासावर, एका शेळीबरोबर. गावाचं बरंचसं रान गोदामांनी खाल्लं. आमचा एक तुकडा उरला आहे, त्यात ती थोडी मेथी, थोडा घेवडा आणि शेळीपुरता घास करते. तिचा सगळा दिवस तिथेच जातो.

हा तुकडा रस्त्याला लागून नाही. रस्त्याकडचं रान माझ्या चुलतभावाचं, मागचं आमचं. आमच्याकडे जायला एका कडेने बैलगाडी जाईल एवढी वाट आहे, तीही आमच्याच वाट्याची. वडील आणि चुलते यांनी वाटणी तोंडी केली. कागद केला नाही. भावाभावांत कागद करणं तेव्हा कमीपणाचं वाटायचं. दोघांनी मिळून वाट आणि चुलत्यांचं रान यांच्या मधे शेराच्या, त्या चिकाच्या झाडाच्या, फांद्या टोचल्या आणि ती हद्द ठरली. सातबाऱ्यावर सगळं अजून एकत्रच होतं. शेराला जनावर तोंड लावत नाही, पाणी लागत नाही, त्यामुळे ते कुंपण दोघांच्याही पश्चात उभं राहिलं.

चुलतभावाला त्याचं रान गोदामाला द्यायचं होतं, म्हणून त्याने मोजणी मागवली. आतली हद्द वहिवाटीप्रमाणे दाखवायची, असं ठरलं. शेरावर घाणेरी चढली होती, मधेमधे वेडी बाभूळ घुसली होती. मोजणीवाला यायच्या आत हद्द साफ दिसली पाहिजे, असं मला वाटलं. कंपनीत मापाआधी आम्ही जॉब, म्हणजे मोजायचा भाग, पुसून घेतो. मापाआधी जागा साफ, हे माझ्या हाडांत भिनलेलं आहे.

पहिला कोयता मोबाइलवरून मागवला. काळ्या म्यानात, रबरी मुठीचा, पाठीला करवतीचे दात. दिसायला असा की हातात घेऊन फोटो काढावा, आणि मी काढलाही. दुसरा चाकणच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला. दुकानदाराने आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. "राव, तुमी सज्जन दिसताय, पण पोरांनी कोयत्याचं नाव खराब केलंय. पोलीस विचारत्यात," तो म्हणाला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झुडपं तोडायला ओळख पटवावी लागली, याचा मला दिवसभर राग होता. दोन्ही पाती मी कंपनीच्या हार्डनेस मशीनवर लावली, आकडे मोबाइलमध्ये टिपले. वजन, पात्याची जाडी, मुठीची पकड, सगळ्याचा तक्ता केला.

रविवारी गावी गेलो. आई देहूला मावशीकडे गेली होती. चुलतभाऊ मात्र होता. मी दोन कोयते घेऊन उतरलेला बघून तो खूप हसला आणि घरातून स्वतःचा घेऊन आला. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या लोहाराकडून घडवून घेतलेला. मूठ बाभळीची, पुढचं टोक आत वळलेलं.

"ह्यो बी बघ चालवून. मग कळंल तुला," तो म्हणाला.

आधी घाणेरी. मोबाइलवरचा कोयता तिच्यावर बरा चालला, पण मनगट भरून आलं, कारण पातं हलकं आणि सगळा जोर आपलाच. मग बाभूळ. तिसऱ्या घावाला त्याची धार दुमडली आणि पातं किंचित वाकलं. दुकानातल्याला तर धारच नव्हती. कानशीने घासून आणली, तर तासाभरात मूठ खुळखुळायला लागली. पाट्याचा कोयता मात्र बाभळीत स्वतःच्या वजनाने उतरत होता, आणि टोकाने फांदी ओढून घेता येत होती. मी मनातल्या मनात त्याला दहापैकी नऊ दिले.

घाणेरी आणि बाभूळ निघाली, तेव्हा मागे शेर हिरवागार उभा होता. तिथेच थांबायला हवं होतं. चुलतभाऊ बांधावर बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "शेर बी काढ की. टेप सरळ बसंल. बुडखं ऱ्हात्यात ना, त्यावरनं कळतंय समदं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्याआधीच हात शिवशिवत होते. ओल्या, मऊ फांद्यांवर तिन्ही पात्यांचा काप कसा येतो, ते बघायचं राहिलं होतं.

कुंपणाचे मी तीन भाग केले. एकेका कोयत्याला एकेक भाग. "डोळं सांभाळ, चीक लई वाईट," असं म्हणत त्याने मला स्वतःचा गॉगल दिला. माझ्या डोळ्यांची त्याला काळजी होती. दुपारपर्यंत वडिलांनी आणि चुलत्यांनी लावलेलं सगळं कुंपण मी आडवं केलं, प्रत्येक कोयत्याच्या कापाचे जवळून फोटो काढले आणि तिथेच बसून त्या मोबाइलवरच्या कोयत्याला दोन तारे देऊन टाकले.

सोमवारी मी फर्स्ट शिफ्टला होतो. चुलतभावाने जेसीबी लावून सगळी कड सपाट केली. बुडखे, मुळ्या, काही ठेवलं नाही. फोन केला तर म्हणाला, "तुझं अर्धवट राह्यलं हुतं, म्या पुरं केलं."

आई देहूहून आली आणि त्या सपाट जागेवर उभी राहिली. ओरडली नाही. "कुणी तोडला?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, मोजणीसाठी साफ केलं. ती म्हणाली, "आरं, मोजणी त्येचीच हुती."

मोजणीवाल्याने विचारलं, वहिवाटीची खूण काय? मी मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवलं. चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, वाट आमचीच, काकूला जायला-यायला सोडलेली. कुंपण होतं ते आमच्याच रानातलं, आणि यानेच तोडलं, विचारा. मी मोबाइल उघडला. कापलेल्या फांद्यांचे तीसेक फोटो होते. उभ्या कुंपणाचा एक नव्हता. उपग्रहाच्या नकाशात हिरवी रेघ दिसत होती. त्यावर मोजणीवाला म्हणाला, "हे काहीही असू शकतं, साहेब." वीस वर्षं मी पुराव्याशिवाय कुणाचा माल पास केला नाही, आणि त्या दिवशी माझ्याच हातात पुरावा नव्हता. चुलतभावाचा मला संताप येतो. पण त्याने कोयता फक्त हातात दिला होता, चालवला मी. हे आठवलं की अजून जेवण जात नाही.

वाट चुलतभावाच्या रानात मोजली गेली. वकील म्हणाले दावा लावा. आई म्हणाली, नको, माझ्या आयुष्यात निकाल लागायचा न्हाई.

आता त्या कडेला पत्र्याचं कंपाउंड आणि गेट आहे. आईला आपल्या रानात गोदामाच्या गेटातून जावं लागतं. वॉचमन परभणीकडचा आहे, माणूस वाईट नाही, पण त्याला हुकूम आहे: धारदार काही आत न्यायचं नाही. तो रोज तिचा विळा ठेवून घेतो आणि परत जाताना देतो.

मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो, तर ती बोटांना हळद लावत बसली होती. विळ्याशिवाय घास हाताने तोडायचा तर बोटं चिरतात. मी म्हणालो, "आई, मी बोलतो त्यांच्याशी. न्हाईतर रविवारी येऊन मीच काढून देतो घास."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या हाताने शेळीपुढे घास सारला आणि म्हणाली, "न्हाई, तू नको येऊ."