एक्केचाळीस टक्के शिल्लक

कोर्टात साक्षीदाराचं वाक्य संपतं न संपतं तोच धाकटीचं टाइप करून झालेलं असे. एवढी तरबेज बाई, पण जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीने तिच्या नाकी नऊ आणले होते. विंडोज रांगायला लागलं म्हणून तिने ते काढून लिनक्स ही हलकी प्रणाली चढवली. वेग आला, पण बॅटरी दीड तासात मान टाकी.

तिच्या ताईला ऐकू येत नसे. समोरच्या एकाचे ओठ ती वाची, पण मंचावरचं बोलणं धाकटी शेजारी बसून लॅपटॉपवर टाइप करी आणि ताई पडद्यावर वाची. शनिवारी छापखान्यात ताईचा निरोपसमारंभ होता, चांगला अडीच तासांचा, आणि पुढच्या रांगेजवळ प्लग नव्हता. एकतीस वर्षांच्या नोकरीबद्दल माणसं काय बोलतात, हे ताईला त्याच दिवशी कळणार होतं.

"याला आता मांडीवर घेऊन थोपटू का?" धाकटी लॅपटॉपवर खेकसली. ब्लूटूथ बंद, वायफाय बंद, प्रोसेसरचा वेग कमी, पडद्याचा उजेड तळाला. तरी ये रे माझ्या मागल्या! शेवटी शुक्रवारी तिने पॉवरटॉप चालवला. कोण किती वीज खातं ते तो दाखवतो. यादीत सगळ्यात वर तिनेच लिहिलेला प्रोग्रॅम होता. बॅटरी किती उरली हे तो दर सेकंदाला तपासत होता. कुंपणच शेत खात होतं! चरफडत तिने तो बंद केला, तेव्हा बॅटरी चार तास पुरेल असं दिसू लागलं. आता तरी उजेड वाढवावा की नाही? पण नाही. वाचवायची चटक लागली होती.

समारंभात धाकटीने मान वर न करता टाइप केलं. ताई पडद्याकडे बघत हसत होती, मान डोलावत होती.

बाहेर बाकावर बसताच धाकटीने ताईकडे तोंड केलं. "एक्केचाळीस टक्के उरली, ताई!"

"छान. पण पडद्यावर खिडकीचं ऊन पडलं होतं गं. मला काहीच दिसलं नाही."

"काहीच नाही? मग हसत कशाला होतीस? कोपराने ढोसायचंस ना मला!"

"तू एवढी जिवाचं रान करत होतीस. कसं सांगू?"

धाकटीला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तिने उजेड पूर्ण वाढवला आणि लॅपटॉप ताईच्या मांडीवर आदळला. ताई सावकाश वाचू लागली. साहेबांच्या कंटाळवाण्या विनोदावर ती आत्ता हसली. मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं. ताईच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं पुस्तकं बांधणारी बाई बोलली होती, "माझा नवरा गेला, तेव्हा महिनाभर हिने माझंही काम केलं, आणि कुणाला कळू दिलं नाही." पुढे धाकटीने कंसात टाइप केलं होतं, रडते आहे.

"ती माझ्याकडे बघत होती," ताई म्हणाली. "आणि मी हसत होते."

ताईने उघडा लॅपटॉप तसाच छातीशी धरला आणि ती उठली.

"चल परत. खुर्च्या आवरून झाल्याशिवाय ती निघत नाही."