माझंच चॅट का तुटतं

आमच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर वाचक चॅटवर प्रश्न विचारतात आणि आम्ही दोघी उत्तरं देतो. माझं चॅट सारखं मध्येच तुटायचं, शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीचं कधीच नाही. इंटरनेट एकच, म्हणून ते जास्त झोंबायचं. त्यात साहेब म्हणाले होते की असंच चाललं तर चॅट तिच्याकडेच देऊ.

केबल बदलली, ब्राउझर बदलला. शेवटी तीच म्हणाली, "दीदी, आप उठकर चली जाती हो, इसीलिए कटता है."

खरं होतं. पुस्तक कपाटात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी ‘आहे’ म्हणत नाही. ती जागेवरूनच कॅटलॉग बघून सांगते. आणि बराच वेळ काही टाइप झालं नाही की चॅट आपोआप बंद होतं.

"मग न बघताच सांगू?"

"नहीं, आप जाओ. मैं आपकी जगह बैठकर लिखती रहूँगी."

दुपारी कुणीतरी लक्ष्मी ताल या तलावाच्या इतिहासावरचं पुस्तक विचारलं. मी ते कपाटातून घेऊन आले तर चॅट सुरूच होतं. ती आपल्या टेबलावर गेली आणि पुस्तक आहे, आता मी दुसरी बोलतेय, असं मी कळवलं. वाचकाने लिहिलं, "मघाशी बोलत होत्या त्यांना धन्यवाद सांगा, फार छान बोलतात."

"क्या लिखा, दीदी?" तिने विचारलं.

"काही नाही," म्हणत मी चॅट बंद केलं.