डावीकडून चौथा गुंड आणि हसरं मुंडकं

किमचीच्या लोणच्यासाठी कोबीच्या अर्ध्या गड्ड्यांना मीठ चोळून झालं होतं, अर्धे अजून टबाबाहेर उताणे पडले होते, तेवढ्यात आमचे हे आले आणि बूट न काढता दारातच बसले. बूट न काढता म्हणजे प्रकरण गंभीर.

आमचे हे, म्हणजे प्यो बोंग-सिक, गेली एकोणीस वर्षं सिनेमात मार खातात. चेहरा गुंडाचा, पण झुरळ दिसलं की हाक मलाच. गुंडांच्या एका विनोदी मारामारीच्या सिनेमात ते डावीकडून चौथे होते. हिरो पळी हाणतो आणि हे सोयासॉसच्या रांजणात पडतात. सात सेकंद. तो पाहायला मी चर्चमधल्या अकरा बायका नेल्या आणि नेमकी त्या सात सेकंदांत डोळे मिटून बसले, यांना लागू नये म्हणून प्रार्थना करत. नवऱ्याचा सगळ्यात मोठा पराक्रम मी अजून पाहिलेला नाही.

आता त्याचा दुसरा भाग निघतोय, आणि यावेळी यांना चक्क एक वाक्य आहे : "दादा, जेवलात का?" महिनाभर घरात हेच चाललंय. मला, लेकीला, फ्रिजलासुद्धा.

"काय झालं?" मी विचारलं.

"उद्या मुहूर्त आहे."

आमच्या कोरियात सिनेमाचा मुहूर्त म्हटलं की उकडलेलं डुकराचं मुंडकं आलं. ते पाटावर मांडून सगळे त्याच्यापुढे माथा टेकतात, शूटिंगमध्ये कुणाचं हाड मोडू नये म्हणून. पहिल्या भागाच्या वेळी मी यांना बजावलं होतं, "त्या मुंडक्यापुढे वाकलात तर घरात पाऊल टाकायचं नाही." हे एकटे ताठ उभे राहिले. तिसऱ्याच दिवशी शिडी घसरली आणि शेजारच्या तिघांच्या बरगड्या मोडल्या. यांना खरचटलंसुद्धा नाही. मी चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिली, केवढी ही प्रभूची कृपा! बरगड्यांचा भाग तेवढा गाळला.

"मारामारी बसवणारे कू मास्तर म्हणाले, पोरं तुझ्या शेजारी पडायला तयार नाहीत. उद्या माथा टेक, नाहीतर वाक्य दुसऱ्याला देतो."

"मग?"

"म्हटलं, बायकोला शब्द दिलाय."

"त्यावर ते?"

"म्हणाले, गुंड म्हणून तुझ्या बायकोलाच घ्यायला हवं होतं."

एरवी मी चिडले असते. पण हे भिंतीकडे बघत पुटपुटले, "दादा, जेवलात का," आणि त्यात आवाजच नव्हता. मी आत जाऊन गुडघे टेकले. प्रभू गप्प. तो गप्प राहिला की त्याला माझंच म्हणणं पटलंय, असं मी इतकी वर्षं धरून चालले. आज तसं धरवेना. मी कू मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, मी बोंग-सिकची बायको."

"वहिनी, शिव्या नंतर द्या! इथे मुंडक्याचाच घोळ झालाय. आलेलं डुक्कर रडतंय. तोंड असं पाडलंय, की पोरं म्हणतात, याच्यापुढे वाकलो तर मानच मोडायची."

मुंडकं हसरं लागतं, हे मला कुणी सांगायला नको. बाबांचं डुकराच्या रश्श्याचं दुकान होतं. दातांत आडवी काडी द्यायची, गाल सुतळीने कानांकडे ओढून बांधायचे आणि पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. लग्न होईपर्यंत मी किती डुकरांना हसवलं असेल! चर्चमध्ये हे कुणाला ठाऊक नाही.

"मी देते दुसरं, हसरं उकडून," माझ्या तोंडून गेलं. "पण आमचे हे वाकणार नाहीत. मागे उभं राहून आपली प्रार्थना करतील. पोरांच्या बरगड्यांसाठीसुद्धा."

"कितपत हसेल?"

"कानापर्यंत."

पलीकडे थोडी आरडाओरड झाली. मग मास्तर म्हणाले, "पोरं म्हणतात, दात दिसले पाहिजेत. तसं असेल तर वाक्य त्याचंच."

यांनी एक बूट काढला. मग थांबले. "अगं, पण हे पाप नाही ना?"

"वाकणं पाप. उकडणं म्हणजे स्वयंपाक," मी ठसक्यात सांगितलं. पहाटेच्या प्रार्थनेला हाच ठसका राहील का, देव जाणे.

उरलेले गड्डे आणि मीठ यांच्या हवाली केलंय. बाजार बंद व्हायच्या आत मला डुकराचं मुंडकं आणायचं आहे.