काकांचं समुद्राचं कॅलेंडर

उजव्या हाताची चार बोटं हवेत हलवून माणसांना बाजूला सारायची काकांना सवय होती, भाकरीवरची माशी हाकलावी तशी. "जरा सरका मावशी, पाठीमागचं लई झ्याक दिसायलंय!" एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सख्ख्या मामाला असंच सारलं आणि मागच्या गुलमोहराचा फोटो काढला. मामा रुसून न जेवताच गेला.

तुमच्याही गावात असा एखादा फोटोग्राफर असेल. पोट लग्नांवर, जीव झाडापानांवर. काका रोज फुलंब्रीहून एसटीने शहरात यायचे, गुलमंडीतल्या जिन्याखालच्या स्टुडिओचं शटर उघडायचे आणि पहिला चहा मला पाजायचे. मी तिथे कॉम्प्युटरवर फोटो साफ करायचे. तोंडावरचे डाग काढायचे, मागे आलेली बादली पुसायची. नवरा वाळूजच्या कंपनीत, घर बजाजनगरला, आणि माहेर पार मालवणकडे, समुद्राला चिकटून.

माझ्या या माहेराचं काकांना वेड लागलं. साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. "पोरी, मी नाथसागराचं धरण पाह्यलंय. त्याच्याहून मोठा असतोय का?" मला हसू आवरेना. शेवटी गेल्या दिवाळीत आम्ही नवराबायकोच त्यांना घेऊन गेलो.

बाबांनी त्यांना आठ दिवस आपल्या होडीतून फिरवलं. खाडीतली तिवरं, वाळूवर नक्षी काढणारे बारके खेकडे, ओहोटीला दगडांवरची कालवं फोडणाऱ्या बायका. काय टिपू आणि काय नको असं काकांना झालं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी समुद्राला चक्क नमस्कार केला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाले, "व्हय की, खारट हाय!" तेव्हा मला हा माणूस फार आपला वाटला.

निघायच्या सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून होडीत उभे राहिले. "एक माझो पण काढा. आधार कार्डार मी चोर दिसतंय. मेल्यावर भिंतीर काय लावतले?"

"शिरा पडो तुमच्या तोंडार!" आई ओरडली.

काकांनी त्यांचे तीन फोटो काढले. मोठा करून पाठवतो म्हणाले.

परत आल्यावर एका कापड दुकानदाराने त्या फोटोंचं नव्या वर्षाचं कॅलेंडर करायला घेतलं. त्याला निव्वळ निसर्ग हवा होता, माणसं नकोत. काकांनी निवडक फोटो माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिले. त्यात सगळ्यांत देखणा बाबांचाच होता, मागे सकाळचं सोनेरी पाणी. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "यातून तेवढे बाबा काढून टाक."

माझा हात थांबला. "मूळ फोटो आहे ना काका?"

"जपून हाय. तू चिंता करू नको."

मी बाबांना पायापासून वर पुसत गेले. सदऱ्याच्या जागी पाणी भरलं आणि त्याच फोटोवर सेव्ह केलं. काम इतकं बेमालूम झालं की काकांनी पाठ थोपटली, आणि मेली मी खूशही झाले.

पावसाळ्याआधी बाबा गेले, झोपेतच. आईने फोनवर एकच मागितलं, "बाराव्याक फोटो होयो. काकांनी काढलेलो."

काका आधी म्हणाले, फुलंब्रीच्या घरी हाय. मग म्हणाले, दुसऱ्या पेटीत हाय. मग, सापडंल, जरा दम धर. बारावं होऊन गेलं. भिंतीवर आधार कार्डावरून मोठा केलेला धुरकट चेहरा लागला. बाबांना ज्याची धास्ती होती, नेमका तोच.

गावाहून परतल्यावर एका दुपारी मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं. "काका, आता खरं बोला."

ते लेन्स पुसत राहिले. "लग्नाची ऑर्डर होती. कॅमेऱ्याच्या कार्डात जागा नव्हती, म्हणून सगळं पुसून मोकळं केलं."

"कधी?"

"तू पुसायच्या आधी. तुझ्या कॉम्प्युटरवरचा तेवढा एकच उरला व्हता."

"आणि मला पुसू दिलंत?"

"कॅलेंडर त्याच दिवशी छापायला द्यायचं व्हतं, पोरी. म्हटलं, म्हातारा धडधाकट हाय. पुन्हा जाऊ, पुन्हा काढू."

मी पुढे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही कोकणातल्या बायका तोंडाच्या फटकळ. काम त्याच दिवशी सोडलं. परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. पण ज्याला माहेरी नेऊन आईच्या हातचं जेवू घातलं, त्यानेच केसाने गळा कापला तर काय करायचं? मला अजून कळलेलं नाही. सकाळी चहा घेताना त्यांची आठवण येते आणि त्या आठवणीचाच राग येतो.

गणपतीला माहेरी गेले. ओटीवर भलीमोठी फ्रेम लागली होती. सोनेरी पाणी आणि रिकामी होडी. आईने तिला हार घातला होता. काका एकटेच एसटीने येऊन ती देऊन गेले होते. स्टुडिओ बंद केला म्हणाले, आईच्या पाया पडले, पाणीसुद्धा न घेता निघाले. त्यांचा फोन तेव्हापासून लागत नाही.

आई फ्रेमसमोर उभी होती. होडीच्या मध्यावर बोट ठेवून म्हणाली, "हयसर उभे होते." मग माझ्याकडे वळली.

"काका सांगी होते, बाबांका फोटोतसून तू काढलंस. खरां गो?"

मोकळ्या केलेल्या कार्डाचं त्यांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगू शकले असते. पण तिने जे विचारलं होतं ते खरंच होतं, म्हणून मी हो म्हटलं.

आई पुन्हा फ्रेमकडे वळली आणि होडीच्या मध्यावरचा बोटाचा ठसा पदराने पुसू लागली.