कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरची अमेरिका

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या कंपाउंडची, म्हणजे वसाहतीची, शाळेची व्हॅन भीमराव दर शुक्रवारी धुतात, तेव्हा सीटखालून खजुराच्या बिया, केसांची रबरं, अर्धी पेन्सिल असं काय काय निघतं. कुणी टाकलं, कधी टाकलं, सांगता येत नाही. किस्सेही तसेच साठतात. यंदा सगळ्यात जास्त साठले ते अमेरिकेच्या सरकारचे. कतारमध्ये, अल वक्राहून दोह्याला जाणाऱ्या व्हॅनमध्ये, आणि मराठीतून!

आधी माणसं सांगतो. भीमराव लातूरकडचे, बारा वर्षं इथे ड्रायव्हर, घरचे सगळे गावी. मागच्या सीटवर दोन मुली. माझी इरा बारावीत, आणि शेजारच्या सावंतांची जान्हवी तिच्या एक वर्ष मागे. पुढच्या सीटवर माझी बायको, वसुधा, बसायची.

वसुधा नाशिकला अठरा वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होती. इथे आल्यावर नोकरी सुटली, शिकवणं सुटलं नाही. इराच्या अमेरिकन शाळेत ‘अमेरिकन गव्हर्नमेंट’ असा एक पेपर असतो. वसुधाने आधी ते पुस्तक स्वतः वाचलं. मग कॉर्नफ्लेक्सची खोकी कापून शंभर कार्डं केली. पुढे प्रश्न, मागे उत्तर, दोन्ही मराठीत. सगळे प्रश्न आधी लिहायचे आणि उत्तरं मागाहून, ही तिची शाळेतली सवय. म्हणायची, “प्रश्न नीट विचारला की उत्तर कुठे पळून जात नाही.” रोज व्हॅनमध्ये उजळणी. ती मराठीत विचारायची, इरा इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

जानेवारीत वसुधा गेली. चार दिवसांचा ताप, एवढंच. मी माझी गाडी पार्किंगमध्ये ठेवून व्हॅनमध्ये पुढे बसू लागलो. माझं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे, हे कारण सगळ्यांना पुरलं.

इरा म्हणाली, “बाबा, आय'म नॉट टेकिंग दॅट पेपर.” पेपरमधून नाव काढून घेण्याचा अर्ज शाळेने दिला. मार्चअखेर द्यायचा होता. मी सही केली. वाद घालण्याचं खातं आमच्याकडे वसुधाचं होतं.

*

महिनाभर व्हॅनमध्ये फक्त एसीचा आवाज. कार्डांचा डबा डॅशबोर्डच्या कप्प्यात तसाच.

एके सकाळी शाळेच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागली होती. भीमरावांनी हँडब्रेक ओढला, डबा काढला आणि पहिलं कार्ड उचललं.

“जान्हवी, सांग बरं. अमेरिकेच्या सरकारची अंगं किती?”

पुढच्या वर्षी तिचाही हाच पेपर, म्हणून जान्हवी कान देऊन असायची. “तीन, काका.”

भीमरावांनी कार्ड उलटवलं. “चूक. चार.”

“तीनच आहेत!”

“बाईंनी चार लिवलंय. मी काय करू?”

मागून हात आला आणि कार्ड ओढून घेतलं गेलं. “आई वुड नेव्हर राइट फोर!” इराने वाचलं. तीनच होतं. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. ती ते किती तरी वेळ हातात धरून बसली.

भीमराव डोळे चोळत म्हणाले, “चष्मा लागला म्हणायचा मला.”

हा माणूस समोरच्या चौथ्या गाडीची नंबरप्लेट वाचतो!

*

दुसऱ्या दिवसापासून उजळणी सुरू झाली. इरा “आय'म जस्ट हेल्पिंग जान्हवी” असं म्हणून सामील झाली. कुणी हरकत घेतली नाही.

फिलिबस्टर नावाचा प्रकार आला. सिनेटमध्ये एखाद्याला कायदा अडवायचा असेल तर तो उभा राहून बोलतच सुटतो. तासन् तास. थांबवायचं तर शंभरातली साठ मतं लागतात.

“साठ कशाला?” भीमराव म्हणाले. “आमच्या ग्रामसभेत एकजण होता. गटारीचा विषय निघाला की उठायचा. लाइट जाईस्तोवर बोलायचा. पार त्याच्या आज्याच्या लग्नापर्यंत जायचा.”

“मग काय केलंत?” जान्हवीने विचारलं.

“चहा बंद केला. त्याचा न्हाई, सगळ्यांचा. पाच मिनटात शेजारच्यांनीच धरून बसवला.”

इराने हे वर्गात सांगितलं. त्यांच्या मिस डॅना खास अमेरिकेहून आलेल्या. म्हणे त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं: ‘स्टॉप द टी.’

*

तर हा ग्रामसभेचा एवढा तपशील भीमरावांना कसा ठाऊक? ते आम्हालाही महाभियोगाच्या कार्डावर कळलं.

राष्ट्राध्यक्ष आवडत नाही म्हणून काढता येत नाही, गंभीर गुन्हा केला पाहिजे, मग एका सभागृहाने आरोप ठेवायचे आणि दुसऱ्याने खटला चालवायचा, असं जान्हवी वाचत होती. भीमरावांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

“म्हंजे अविश्वास ठराव न्हाई?”

“नाही.”

“नुसती डोकी मोजून काढता येत न्हाई?”

“नाही, काका.”

“मंग मी अमेरिकेत असतो तर अजून उपसरपंच असतो की!”

बारा वर्षं हा माणूस आमच्या मुलांना ने-आण करतोय आणि हे आम्हाला ठाऊक नाही! नऊ सदस्य होते, सात विरोधात गेले. मुलींनी खटलाच उभा केला.

“काका, व्हॉट वॉज द क्राइम?”

“हातपंप. विरोधकांच्या आळीत आधी बसवला.”

“का पण?”

“पाणी तिथंच लागलं.”

इरा सीटवरून पुढे सरकली. “दॅट्स नॉट इम्पीचेबल! बाबा, इट्स नॉट!” आवाज चढलेला, बोट वर. नाशिकच्या शाळेतला एक वर्ग मला जसाच्या तसा दिसला. मी खिडकीबाहेर पाहिलं.

भीमराव गेटसमोर व्हॅन थांबवत म्हणाले, “खलास! सुटलो एकदाचा. बारा वर्षांनी निकाल लागला.”

*

मार्चमध्ये आम्ही चौसष्टाव्या कार्डावर पोचलो. उलटवलं तर मागे नुसता पुठ्ठा. वसुधाची उत्तरं त्रेसष्टपर्यंतच झाली होती.

“दॅट्स इट. बॉक्स संपला,” इरा म्हणाली.

भीमरावांनी मान हलवली. “बाईंनी प्रश्न टाकलाय म्हंजे उत्तर हाय. न्हाई तर टाकला नसता.”

मग नियम ठरला. उरलेली उत्तरं इराने पुस्तकातून काढून लिहायची. व्हॅनमध्ये चार माणसं, दोन तृतीयांश बहुमत हवं, म्हणजे तीन हात वर झाले तरच उत्तर पक्कं. मी पाइपिंगची ड्रॉइंग करणारा माणूस. सवयीने कार्डाच्या कोपऱ्यात ‘रिव्हिजन शून्य’ लिहिलं.

“बाबा! इट्स नॉट अ पाइपलाइन!”

“तुमच्या संविधानाला सत्तावीस दुरुस्त्या झाल्यात ना? म्हणजे रिव्हिजन सत्तावीस.”

तिने कार्ड परत घेऊन कोपरा पाहिला. मग म्हणाली, “ओके, दॅट्स अॅक्चुअली करेक्ट.” सतरा वर्षांच्या मुलीकडून असं प्रशस्तिपत्र मिळालं की ऑफिसात दिवस बरा जातो.

“दोनशेहून जास्त वर्षांत सत्तावीसच?” भीमरावांना पटेना. “आपल्या कंपाउंडच्या पार्किंगचे नियम एका रमजानात तेवढ्यांदा बदलले.”

चौसष्टाव्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी तिने एका कागदावर कच्चं लिहून आणलं. मताला टाकण्यासाठी तिने तो माझ्या हातात दिला. वाचून मी सहज उलटवला. मागे छापील अर्ज होता, पेपरमधून नाव काढून घेण्याचा. माझी सही होती, तारीख होती. मधल्या रिकाम्या जागेत तिने सुप्रीम कोर्टाची आकृती काढली होती.

मी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

*

दहाव्या दुरुस्तीचं कार्ड मात्र महागात पडलं. जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे, असं त्यात आहे. जान्हवीच्या आईने त्या दिवशी डब्यात तळलेली सुरमई दिली होती. व्हॅनमध्ये खायचं नाही हा कंपाउंडचा नियम. जान्हवीने शांतपणे डबा उघडला.

“काका, मागची सीट हे राज्य आहे.”

भीमरावांनी व्हॅन बाजूला घेतली आणि एसी बंद केला. उन्हाळा सुरू झालेला. दोन मिनिटांत राज्याने डबा बंद केला.

“केंद्राकडं लष्कर असतंय, लेकरा,” भीमराव म्हणाले आणि एसी लावला.

*

एप्रिलमध्ये पालकांना भेटायला बोलावलं होतं. मिस डॅनांनी माझ्यासमोर इराचा निबंध ठेवला. वर्गातला सर्वांत चांगला. कुठल्या ट्यूटरकडे जाते, असं त्यांनी विचारलं.

इरा सरळ बसली. “माय मॉम. अँड आफ्टर हर, अ डेप्युटी मेयर.”

मिस डॅना म्हणाल्या, त्यांना वर्गात बोलवता येईल का? भीमराव आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. अकरा देशांची मुलं समोर. हे मराठीत बोलत होते आणि इरा शेजारी उभी राहून इंग्लिशमध्ये सांगत होती. एकदा ते ‘आळी’ म्हणाले तेव्हा ती अडली आणि वळून मराठीत म्हणाली, “काका, थांबा जरा. आळी म्हणजे नक्की केवढी?” त्याचा अर्थ तिने लगेच वर्गालाही सांगितला. हे मला मिस डॅनांनी फोनवर सांगितलं, तो शब्द ‘आली’ असा म्हणत. त्यांना मुलांचे प्रश्न सांगायचे होते. मला फक्त तेवढंच ऐकायचं होतं, म्हणून पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशीही भीमराव त्याच शर्टात. जान्हवीने विचारलं, “काका, आज काय आहे?”

“काय न्हाई. पद जातंय, इस्त्री ऱ्हाती.”

*

पेपर मे महिन्यात होता. त्या सकाळी डब्यात उत्तर नसलेलं एकच कार्ड राहिलं होतं. एकाहत्तर नंबरचं. महिनाभर ते वर आलं की इरा खाली सारायची. मी पाहत होतो. भीमरावही पाहत असणार.

रांगेत व्हॅन थांबली. भीमराव म्हणाले, “एक राहिलंय, बाळा.”

तिने ते स्वतःच काढलं आणि वाचलं. “राष्ट्राध्यक्ष कार्यकाळात वारले तर काय होते?”

जान्हवी खाली बघू लागली. एसी चालू होता.

“उपाध्यक्ष शपथ घेतात,” इरा म्हणाली. मराठीत. “त्याच दिवशी. जिथे असतील तिथे. काम थांबत नाही.”

“लिही,” भीमराव म्हणाले.

“माझं अक्षर नको. बाबा, तुम्ही लिहा.”

मी लिहिलं. कोपऱ्यात रिव्हिजन नंबर टाकला नाही. चार हात वर झाले, स्टिअरिंगवरचा एक धरून.

दुपारी मी अर्धी रजा टाकून व्हॅनमध्येच आलो. जान्हवी आधी येऊन मागे बसली होती. इरा गेटमधून बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. भीमराव खाली उतरून उभे. “कसा गेला?”

तिने अंगठा वर केला. मग मागचं दार न उघडता पुढे आली आणि माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केली.

“बाबा, मागे बसा.”

मी उतरलो. मागे जान्हवीशेजारी जाऊन बसलो. इरा पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला, डॅशबोर्डच्या कप्प्यातून डबा काढून मांडीवर घेतला आणि मागे वळली.

“जान्हवी, सरळ बस. कार्ड नंबर एक. सरकारची अंगं किती?”

जान्हवी तोंड उघडणार तेवढ्यात भीमरावांनी गिअर टाकला.

“चार!”