युवर मॅनला आधी जाऊ दे

कुणी ‘युवर मॅन’ म्हणालं की अजूनही माझी मांडी गार पडते.

आयर्लंडमध्ये ते कुणालाही म्हणतात. आपलं ‘तो बुवा’ तसं. ॲथलोनच्या ऑफिसातल्या मित्रांनी वाढदिवसाला मला ट्राउट पकडायला धाडलं, तेव्हा वाटाड्या म्हणून आलेला म्हातारा माशालाही तेच म्हणायचा. कमरभर पाण्यात माझा दंड धरून पुटपुटायचा, "युवर मॅन त्या दगडामागे आहे बघ." मी गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी तिकडे फेकायचो. मासा काही लागायचा नाही.

दुपारी नदीवर धुकं उतरलं. त्याने एकदम माझा दंड आवळला. "हलू नकोस. युवर मॅनला आधी जाऊ दे."

कुणी चालत यावं तसं समोरचं पाणी दुभंगत, प्रवाहाच्या उलट, आमच्याकडे आलं. माझ्या मांडीला काहीतरी घासून गेलं. म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली आणि पाणी सपाट झाल्यावरच परत घातली.

"केवढा मोठा ट्राउट!" मी म्हणालो.

"ट्राउटसाठी टोपी कोण काढतं?" तो म्हणाला, आणि माझ्या दोरीला नवी माशी बांधू लागला.