माईसाहेबांच्या मांडीसाठी गाडी

गाडी आम्ही एकच घेतली, पण तिच्यापायी जमलेले किस्से तिच्या डिकीतसुद्धा मावायचे नाहीत. देवासला आमच्याकडे कोणी चहाला आलं की सहज विचारतं, "नवी गाडी कशी आहे?" आणि फसतं. कारण उत्तर मी देते, आणि चहा पुन्हा गरम करावा लागतो!

आधी एवढं सांगते. आमच्या घराण्याची चांदीची लहानशी देवी एक वर्ष धारला काकासाहेबांकडे, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांकडे असते, आणि एक वर्ष आमच्याकडे देवासला. नवरात्राच्या आधी ती निघते ती घरातल्या थोरल्या सुनेच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. वाटेत तिला सीटवर टेकवायचं नाही. आणि मांडी एकदा बदलली की देवी परत जुन्या मांडीवर जात नाही, हा नियम.

ही मांडी कित्येक वर्षं माझ्या सासूबाईंची, माईसाहेबांची. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आमच्या जुन्या बुटक्या गाडीत त्या बसायच्या, पण बाहेर काढायला दोघांनी हात धरून ओढावं लागायचं. देवी घेतलेल्या बाईचे हात कोण ओढणार? शेवटी धारहून काकासाहेबांचा फोन आला, "वहिनीसाहेब, आता सूनबाईंच्या मांडीवर देऊ या."

माईसाहेब "बरं" म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी समरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्पष्ट सांगितलं, "गाडी बदलायची. मला हा मान असा हिसकावून नकोय."

*

पहिल्याच शोरूममध्ये माईसाहेब पाण्याने काठोकाठ भरलेला पितळेचा तांब्या घेऊन आल्या. देवीच्या ऐवजी मांडीवर हा, म्हणजे हात अडकलेले असताना बसता येतं की नाही ते कळेल. विकणारा सोनू भिया (आमच्या माळव्यात भैयाला भियाच म्हणतात) घाबरला. नव्या सीटवर पाणी सांडलं तर?

"माताजी, इसके लिए कप होल्डर है ना! यहाँ रख दो."

माईसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला. "भिया, तुम्हारे यहाँ भगवान को कप होल्डर में बिठाते हैं क्या?"

*

मग त्याने सर्वांत उंच गाडी दाखवली. रुबाब असा की समर आधीच चावी मागायला लागला. माईसाहेब दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांची पद्धत ठरलेली, आधी बूड टेकायचं आणि मग दोन्ही पाय आत फिरवायचे. पण सीट त्यांच्या कमरेच्याही वर येत होती!

"माताजी, ऊपर हैंडल है, पकड़ के चढ़ जाओ."

"हाथ में देवी है." माईसाहेब तांब्या सांभाळत म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, "सूनबाई, ही गाडी आहे की माळा? शिडी कुठे ठेवलीय विचारा."

*

तिसऱ्या रांगेचा किस्सा समरला आवडत नाही, म्हणून मी तो नेहमी सांगते. सोनू भिया कौतुकाने म्हणाला, "पीछे भी पूरी फैमिली आ जाएगी." माईसाहेबांनी लगेच आपल्या सहाफुटी मुलाला मागे बसवलं. गुडघे कानाला लागलेले, मान वाकडी, आणि बाहेर यायला सीट कुठून दुमडायची ते सापडेना!

सोनू भिया सारवासारव करत म्हणाला, "वो क्या है, ये बच्चों के लिए है."

"तो ठीक है," माईसाहेब म्हणाल्या, "ये हमारा बच्चा ही है."

समर आत अडकलेला असतानाच त्यांनी दार लावून घेतलं आणि मधल्या रांगेचं दार किती जोरात ओढावं लागतं ते तपासायला गेल्या.

*

पुढची टेस्ट ड्राइव्ह सोनकच्छच्या रस्त्यावर. समर गाडी चालवता चालवता सस्पेन्शनवर भाषण देत होता, सोनू भिया मान डोलावत होता. एका स्पीडब्रेकरवर गाडी अशी उडाली की तांब्यातलं अर्धं पाणी माईसाहेबांच्या मांडीवर! समर म्हणाला, "एवढं चालायचंच, माईसाहेब."

त्यांनी ढाब्यापाशी गाडी थांबवायला लावली, उरलेला तांब्या समरच्या मांडीवर ठेवला आणि सोनू भियाला म्हणाल्या, "अब तुम चलाओ."

परत आल्यावर समर शोरूमभर फाइल पुढे धरून हिंडत होता. त्या गाडीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

*

कन्नौदचे मामासाहेब, माईसाहेबांचे धाकटे भाऊ, गाडी पाहायला आले ते गव्हाचं पोतं घेऊनच. "सीट बीट तुमचं तुम्ही बघा, मी डिकी बघतो." मागची रांग उघडी असताना पोतं काही केल्या आत जाईना. मामासाहेबांनी सीट पाडली, पोतं ठेवलं, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, आणि मग मोठ्या समाधानाने जाहीर केलं, "पास! गहू बसला म्हणजे घर बसलं."

"आणि मी?" माईसाहेबांनी विचारलं.

"अक्कासाहेब, तुम्ही पोत्यापेक्षा नाजूक नाही!"

*

असं करत अखेर गाडी सापडली. सीट ना उंच ना बुटकी, मांडीला पुढपर्यंत आधार, दार रुंद आणि तांब्या काठोकाठ. पण तोवर माईसाहेबांचं नाव झालं होतं. एकदा त्यांना सोनू भियाचा फोन आला, "माताजी, एक अंकल आए हैं, कमर का प्रॉब्लम है. पाँच मिनट आ जाओ, आप बैठ के बता दो."

आणि माईसाहेब गेल्या! तिथे त्या काकांना बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं आणि सोनू भियाच्या तोंडावर सांगितलं, "ये मत लो. घंटे भर में पैर सुन्न हो जाएगा." त्याची विक्री गेली, तरी तो त्यांना सोडायला गाडीपर्यंत आला. मी शिकवते त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हे सांगताना माझी मान उगीच ताठ होते.

*

आणि मग धार. देवी न्यायला आम्ही गेलो तेव्हा काकासाहेबांच्या दारात सगळे भाऊबंद गोळा झाले होते. माईसाहेबांनी लाल खणातली देवी दोन्ही हातांत घेतली. काकासाहेब आधार द्यायला हात पुढे करून उभे.

माईसाहेब गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, सावकाश टेकल्या, एक पाय आत, दुसरा पाय आत. देवी हलली नाही, कोणी त्यांना हात लावला नाही. काकासाहेबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला, मग त्यांनी दुसरा हात त्याला जोडून नमस्कार केला. देवीला केला की वहिनीला, ते त्यांनाच ठाऊक. मला तर इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

धार मागे पडलं. शेजारी बसलेल्या माईसाहेब म्हणाल्या, "सूनबाई, मांडी सावरा."

मला कळेना. त्यांनी देवी उचलून माझ्यासमोर धरली.

"माईसाहेब, परत यायची नाही हो ती!"

"नियम मला शिकवू नका. धरा नीट, दोन्ही हातांनी."

मी धरली. त्यांनी बाजूची कळ बरोबर शोधून सीट मागे पाडली, पाय सैल सोडले आणि डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाल्या,

"समर, हळू चालव. सूनबाईंच्या मांडीवर देवी आहे."